जायबंदी कामगाराचा हक्क : परळच्या सभेपासून विमा महामंडळापर्यंत

१/
सप्टेंबर १८८४. परळ येथे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्यांचे नेतृत्व करीत होते जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. या सभांतून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन तयार झाले आणि ते कारखाना आयोगाकडे गेले. रविवारच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी याच निवेदनातील. ती आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच यादीत आणखी एक मागणी होती. तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आजचा हा धागा त्या मागणीचा आहे.

२/
मागणीचा आशय असा : गिरणीत काम करताना गंभीर इजा होऊन कामगार काही काळ काम करण्यास असमर्थ ठरला, तर तो बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा जायबंदी झाला, तर त्याच्या उपजीविकेची योग्य तरतूद व्हावी. वाक्य एकच असले तरी त्यात दोन निरनिराळ्या अवस्था आहेत : तात्पुरते अपंगत्व आणि कायमचे अपंगत्व. आजच्या कामगार विम्याची मांडणीही याच दोन अवस्थांवर उभी आहे. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली. ही दुसरी मागणी मात्र कायद्यात उतरायला चाळीस वर्षे लागली, आणि तिचे खऱ्या अर्थाने विम्यात रूपांतर होऊन ती मुंबईत पोहोचायला सत्तर.

३/
प्रथम पार्श्वभूमी पाहू. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढील तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. वाफेच्या इंजिनाची शक्ती चामडी पट्ट्यांवाटे प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचवली जाई. उघडे दाते, फिरते पट्टे, हवेत तरंगणारी कापसाची तूस आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचे काम. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याविषयी आणि अपघातांची खबर देण्याविषयी काही तरतुदी केल्या. म्हणजे अपघाताची नोंद सरकारदरबारी जाऊ लागली; परंतु ज्याचा हात गेला, त्याच्या घरी काय जावे, याविषयी कायदा मौन होता.

४/
मग जखमी कामगाराला दाद मागण्याचा मार्गच नव्हता काय? तत्त्वतः होता : मालकावर दिवाणी दावा. पण त्यासाठी अपघात मालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला, हे कामगाराने सिद्ध करावे लागे. इंग्रजी न्यायपद्धतीने मालकाच्या हाती बचावाची तीन शस्त्रे दिली होती. पहिले, या कामातला धोका कामगाराला माहीत होता व त्याने तो पत्करला होता. दुसरे, कामगाराचीही थोडीफार चूक होती. तिसरे, अपघात मालकामुळे नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या कामगाराच्या चुकीमुळे झाला. शेकडो माणसे एकत्र राबत असलेल्या गिरणीत हे तिसरे शस्त्र सर्वांत धारदार होते.

५/
या तिसऱ्या बचावाचा उगम १८३७ च्या एका इंग्रजी खटल्यात सापडतो. एका खाटकाच्या जादा भरलेल्या गाडीवरून पडून त्याचा नोकर जखमी झाला. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले नाही. पुढे याच निर्णयाच्या आधारे ‘सहकाऱ्याच्या चुकीचा भार मालकावर नाही’ असा सिद्धांत रूढ झाला. हिंदुस्थानात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दाव्याची वाट दिली. मात्र तीही चूक सिद्ध करण्याच्या उंबरठ्यावरून जात होती. थोडक्यात, त्या काळी कायदा जखमी माणसाला एकच प्रश्न विचारत असे : चूक कोणाची?

६/
आता एक योगायोग पाहा. ज्या वर्षी परळच्या सभा झाल्या, त्याच १८८४ च्या जुलै महिन्यात जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने औद्योगिक अपघात विम्याचा कायदा संमत केला. हप्ता मालकांनी भरायचा, चूक कोणाची हे पाहायचे नाही, आणि तेरा आठवड्यांनंतरही पूर्ण अपंगत्व राहिल्यास मजुरीच्या दोनतृतीयांश इतके निवृत्तिवेतन द्यायचे. बिस्मार्कचा हेतू वाढत्या समाजवादी चळवळीतील हवा काढून घेण्याचा होता, हे खरे. तरीही तुलना बोलकी आहे. परळचे कामगार बरे होईपर्यंत पूर्ण पगार मागत होते. मुंबईतील मागणी काळाच्या मागे नव्हती. तिच्यामागे उभे राहणारे राज्य मात्र नव्हते.

७/
ब्रिटनने १८८० मध्ये मालकांचे काही बचाव सैल केले आणि १८९७ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. हिंदुस्थानाला आणखी पाव शतक थांबावे लागले. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. मुंबईत मोठे संप झाले, १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली, १९२० मध्ये मुंबईतच अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. मध्यवर्ती कायदेमंडळात नारायण मल्हार जोशी कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसू लागले. या वातावरणात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

८/
या कायद्याचे मोठेपण एका बदलात आहे. त्याने ‘चूक कोणाची’ हा प्रश्न बाजूला सारला आणि त्याजागी दुसरा ठेवला : इजा कामातून आणि काम चालू असताना झाली काय? उत्तर ‘होय’ असेल, तर मालक भरपाईला बांधील. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज उरली नाही. अपवाद मोजके होते. कामगार दारूच्या किंवा मादक पदार्थाच्या अमलाखाली असेल, त्याने सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडला असेल, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकले असेल, तर भरपाई नाकारता येई. वाद सोडवण्यासाठी दिवाणी न्यायालयाऐवजी खास आयुक्त नेमण्यात आला.

९/
पात्रतेच्या रेषाही याच कायद्याने आखल्या. कामगार कोण, हे एका अनुसूचीत व्यवसायवार सांगितले होते. कारकुनी काम करणारे वगळले. महिना ३०० रुपयांहून अधिक मिळवणारे वगळले. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या किरकोळ, प्रासंगिक कामावरचे मजूर वगळले. एक गोष्ट मात्र दूरदर्शीपणाची होती. मालकाने स्वतःच्या धंद्याचे काम कंत्राटदारामार्फत करून घेतले, तरी जखमी मजूर मूळ मालकाकडे भरपाई मागू शकत असे. ‘तो माझा माणूस नव्हे’ हे उत्तर देणे त्यामुळे काहीसे अवघड झाले.

१०/
भरपाई ठरवण्यासाठी अपंगत्वाचे तीन प्रकार करण्यात आले : तात्पुरते, कायमचे अंशतः आणि कायमचे पूर्ण. कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक तक्ता जोडला होता. शरीराच्या कोणत्या अवयवाच्या हानीमुळे कमाईची क्षमता किती टक्के घटते, याचा तो हिशेब. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यापासून किंवा त्याच्या वर, ६०. दोन्ही कानांची श्रवणशक्ती कायमची गेली तर ५०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, अन्य कोणतेही बोट ५. हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. परंतु त्यानेच भरपाईचा आकडा मालकाच्या मर्जीतून काढून कायद्याच्या हाती दिला.

११/
एक उदाहरण घेऊन हिशेब करू. महिना ३० रुपये मिळवणारा एक कामगार कल्पू या. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मूळ कायद्यात ४२ महिन्यांची मजुरी किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती मिळे. म्हणजे याला १,२६० रुपये. उजवा हात गेल्यास त्याचे ७० टक्के, म्हणजे ८८२ रुपये. अंगठा गेल्यास ३१५ रुपये, अर्थात साडेदहा महिन्यांचा पगार. तात्पुरत्या अपंगत्वात पहिले दहा दिवस काहीच नाही. त्यानंतर त्याला साधारण निम्मी मजुरी, तीही जास्तीत जास्त पाच वर्षे. १९३३ च्या दुरुस्तीने दहा दिवसांची ही प्रतीक्षा सातवर आली.

१२/
मृत्यू झाल्यास वारसांना ३० महिन्यांची मजुरी किंवा २,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. आपल्या उदाहरणात ९०० रुपये. म्हणजे उजवा हात गमावून जिवंत राहिलेल्याला मिळणारी रक्कम आणि मेलेल्याच्या कुटुंबाला मिळणारी रक्कम जवळजवळ सारखीच होती. पण मोठी उणीव आकड्यात नव्हती, रकमेच्या स्वरूपात होती. कायमच्या अपंगत्वाची भरपाई एकरकमी मिळे. कर्ज फेडण्यात, गावी औषधपाण्यात आणि लग्नकार्यात ती संपली की कामगाराजवळ उरे तो फक्त तुटलेला हात. परळच्या निवेदनात मागणी होती ती जन्मभराच्या उपजीविकेची.

१३/
दुसरी उणीव अशी की देणारा मालकच होता. अपघात नोंदवणारा तो, पैसे देणारा तो आणि कामगाराला पुन्हा कामावर घ्यायचे की नाही हे ठरवणाराही तोच. विमा उतरवणे मालकावर बंधनकारक नव्हते; लहान कारखानदार बुडाला तर भरपाईही धोक्यात येई. आपसांतल्या तडजोडीत कामगार नागवला जाऊ नये, म्हणून कायमच्या अपंगत्वाच्या करारांची आयुक्तांकडे नोंद करावी लागे आणि रक्कम अपुरी वाटल्यास आयुक्त नोंद नाकारू शकत. तरी आयुक्तांपर्यंत पोहोचायला अर्ज, दाखले आणि खेटे लागत. जुने तीन बचाव तर कामगाराच्या साध्या दिवाणी दाव्यात उभेच होते. ‘सहकाऱ्याची चूक’ हा बचाव १९३८ च्या वेगळ्या कायद्याने मोडून काढावा लागला.

१४/
तिसरी उणीव मुंबईच्या दृष्टीने सर्वांत बोचरी. कायद्याने काही व्यवसायजन्य रोगांनाही अपघाताचा दर्जा दिला होता. मूळ यादीत लोकर, केस व कातडी हाताळणाऱ्यांना होणारा अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा हे रोग होते. कापसाच्या तुसाने फुप्फुसे निकामी करणारा रोग त्यात नव्हता. ज्या देशाचा सर्वांत मोठा आधुनिक उद्योग कापडाचा, त्या देशाच्या यादीत कापूस नाही! पुढे बिसिनोसिस या नावाने हा रोग अनुसूचीत आला. पण क्षणात तुटलेला हात दाखवणे आणि वीस वर्षांत हळूहळू कोंडलेला श्वास सिद्ध करणे, या दोन गोष्टींत आजही मोठे अंतर आहे.

१५/
आता १९४० च्या दशकात येऊ. डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला आणि सामाजिक विमा हा युद्धकाळातील चर्चेचा विषय बनला. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. आजारी आणि जखमी कामगाराची जबाबदारी एकेका मालकावर न सोडता ती सामायिक निधीवर टाकावी, ही त्यामागची दिशा.

१६/
या अहवालाची छाननी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तज्ज्ञ मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव यांनी केली. मूलतत्त्वे त्यांनी मान्य केली आणि काही बदल सुचवले. बारमाही चालणारे सर्व कारखाने योजनेत आणावेत. आजारपण, बाळंतपण आणि कामावरील इजा या तिन्हींचे संरक्षण एकाच योजनेत गुंफावे. १९४६ च्या अखेरीस विधेयक मांडले गेले तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. स्वातंत्र्यानंतर, एप्रिल १९४८ मध्ये, कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. देशातील संविधान अजून लिहिले जात होते, त्या काळातील हा कायदा.

१७/
कायदा झाला, तरी योजना सुरू होईना. ज्या शहरात ती प्रथम लागू होईल, तेथील कारखानदारांना हप्त्याचा बोजा पडणार आणि इतर शहरांतले प्रतिस्पर्धी मोकळे राहणार, अशी तक्रार पुढे आली. १९५१ च्या दुरुस्तीने यावर तोडगा काढला : योजना लागू असो वा नसो, देशभरातील मालकांनी विशेष हप्ता भरावा. अखेर २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेचा प्रारंभ झाला. दिल्लीतही ती त्याच वेळी सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईच्या कामगारांपर्यंत आली. गिरणगावाच्या बोलीत ‘ईएसआय’ हा शब्द तेव्हा शिरला तो कायमचा.

१८/
पात्रतेच्या बाबतीत या कायद्याचा एक नियम बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. साध्या आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात. अलीकडच्या नियमांत सहा महिन्यांच्या हप्ताकाळात किमान ७८ दिवस. कामावरील इजेला मात्र अशी अट नाही. विमापात्र नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला, तरी लाभ देय. मुंबईत याला विशेष अर्थ होता. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहणारा, कधी काम मिळणारा तर कधी न मिळणारा ‘बदली’ कामगार हप्त्यांचे दिवस सहज भरू शकत नसे. पण पहिल्याच पाळीत बोट तुटले तर तो हक्कदार होता.

१९/
आता लाभ पाहू. आरंभीचे दर बरेच कमी होते. ते वाढत आज ९० टक्क्यांवर आले आहेत. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी दैनिक मजुरीच्या ९० टक्के रक्कम, असमर्थता टिकेल तोवर. अपघाताचा दिवस सोडून असमर्थता किमान तीन दिवसांची असावी, एवढीच अट. कायमच्या अपंगत्वात हाच दर कमाईच्या घटलेल्या क्षमतेच्या प्रमाणात, जन्मभर. समजा सरासरी दैनिक मजुरी ६०० रुपये आहे. पूर्ण दर ५४० रुपये. तक्त्यात आता अंगठ्याची हानी ३० टक्के मानली जाते. म्हणजे दिवसाला १६२ रुपये, महिन्याला सुमारे ४,८६० रुपये, आयुष्यभर. उजव्या आणि डाव्या हातातील जुना भेदही आता उरलेला नाही.

२०/
टक्केवारी ठरवते ते वैद्यकीय मंडळ. निर्णय मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे आणि कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येते. या चौकटीत आणखी काही तरतुदी विणलेल्या आहेत. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही. मालकाने हप्ता बुडवला म्हणून कामगाराचा लाभ बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सर्वांत कमी मजुरी असलेल्या कामगारांना स्वतःचा हप्ता भरण्यापासून सूट आहे; मालकाचा वाटा मात्र चालूच राहतो. १९२३ च्या कायद्यातील दुबळ्या जागा येथे एकेक करून बुजवलेल्या दिसतात.

२१/
या बदलाची किंमतही होती. विमाधारकाला तोच अपघात दाखवून मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. जुन्या कायद्यात कामगाराला स्वतः काही भरावे लागत नव्हते; येथे आजारपणासह साऱ्या संरक्षणासाठी त्याच्याही पगारातून हप्ता जातो. एकरकमी मोठा आकडा हातून गेल्याची खंत अनेकांना वाटते. पण जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप आठवा. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढील काळात एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. गिरणीत हात गमावलेल्या विमाधारकाचे अपंगत्व वेतन गिरणीच्या तिजोरीतून येत नव्हते. म्हणून गिरणी बंद पडली तरी ते चालू राहिले. सामायिक निधीचा अर्थ येथे कळतो.

२२/
‘काम चालू असताना’ या शब्दांची सीमा मात्र वादग्रस्तच राहिली. मुंबईतील बेस्टचा एक चालक पाळी संपवून बेस्टच्याच बसने घरी निघाला असता अपघातात मरण पावला. त्याच्या पत्नीच्या दाव्यावर १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तिच्या बाजूने निर्णय दिला : या सेवेच्या स्वरूपामुळे तो प्रवासही कामाचाच विस्तार होय. उलट, १९९६ मध्ये सायकलने कारखान्याकडे निघालेल्या एका विमाधारकाला न्यायालयाने लाभ नाकारला; अपघात कारखान्यापासून एक किलोमीटर अंतरावर झाला होता. अखेर २०१० च्या दुरुस्तीने, नोकरीशी वेळ, स्थळ व परिस्थितीचा संबंध दिसत असेल तर घर ते काम या प्रवासातील अपघातही राज्य विम्याच्या कक्षेत आणला.

२३/
आता सर्वांत कठीण प्रश्न : विम्याच्या रेषेबाहेर कोण? १९४८ मध्ये यंत्रशक्तीवर चालणारे, वीस किंवा अधिक कामगारांचे कारखाने आणि महिना ४०० रुपयांपर्यंतचा पगार, ही मर्यादा होती. पुढे ती दहा कामगार आणि २०१७ पासून २१,००० रुपयांपर्यंत आली. पण हंगामी कारखाने व्याख्येतूनच वगळले गेले. त्या यादीत कापसाचे जिनिंग आहे आणि साखरही आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाचे दोन खांब विम्याबाहेर राहिले. तेथील जखमी माणसासाठी १९२३ च्याच वाटेचा आधार उरला : मालक, आयुक्त आणि एकरकमी भरपाई.

२४/
ज्यांना एक ठरावीक मालकच नाही, त्यांचे काय? माथाडी आणि हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्रिपक्षीय मंडळांची कल्पना राबवली. अनेक व्यापाऱ्यांची ओझी वाहणाऱ्या माणसाची नोंद, मजुरी आणि कल्याण त्या मंडळाकडे आले. आजचा प्रश्न दुचाकीवरून घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या तरुणांचा आहे. २०२० मध्ये संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ आणि १९४८ चे कायदे इतर सात कायद्यांसह एकत्र केले आणि गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या प्रथमच केली. मात्र व्याख्येत नाव येणे आणि अंगठा तुटल्यावर जन्मभर वेतन मिळणे, या दोहोंमध्ये योजना, निधी आणि अंमलबजावणी यांचा लांब पल्ला आहे.

२५/
या दीडशे वर्षांच्या इतिहासात कायद्याने जखमी कामगाराला तीन प्रश्न विचारले. चूक कोणाची? इजा कामातून झाली काय? आणि तू विमाधारक आहेस काय? प्रत्येक नव्या प्रश्नाने अधिक माणसे आत घेतली, तरी कोणी ना कोणी बाहेर राहिलेच. म्हणून एखादी विमा योजना वाचताना लाभाच्या टक्केवारीआधी ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या वाचावी. परळच्या निवेदनात पगाराची मर्यादा नव्हती, माणसांची किमान संख्या नव्हती, हंगामी-बारमाही असा भेद नव्हता. काम करताना जो जायबंदी झाला त्याला जगता यावे, एवढेच त्या साडेपाच हजार माणसांचे म्हणणे होते.

आपल्या घरी जुने ईएसआय कार्ड असेल, किंवा आजोबा-पणजोबांच्या गिरणीतील अपघाताची आणि भरपाईची हकिकत ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा. अशा आठवणी बहुधा घरातच राहतात, आणि त्या सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.